ओपन सोर्समध्ये पाय कसा रोवायचा: लहान शहरातल्या डेव्हलपरसाठी पहिल्यापासून

लातूर, सांगली, जळगाव, चंद्रपूर, यांपैकी कुठल्याही शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे शेवटच्या वर्षाचे रेझ्युमे समोर ठेवा. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम, हॉटेल बुकिंग, चॅट ॲप. प्रोजेक्ट तेच, त्यांची वर्णनंही जवळपास तीच. निवड करणाऱ्याला यातून खरं कोणाला येतं ते कळत नाही, मग तो कॉलेजचं नाव बघतो किंवा कोणी शिफारस केली आहे का ते बघतो. पुण्यात शिकणाऱ्याला निदान कंपनीत लागलेले सीनियर भेटतात. सोलापूरच्या मुलीला तेही भेटत नाहीत, आणि ती हुशार असूनही रांगेत मागे राहते.

ही रांग मोडायची एक खरी जागा आज ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या जगात आहे, असं माझं ठाम मत आहे. कारण साधं आहे: तिथे काम उघड्यावर होतं. तुम्ही कोणता बदल सुचवला, त्यावर कोणी काय हरकत घेतली, तुम्ही ती कशी दूर केली, हे सगळं पाच वर्षांनंतरही कोणालाही वाचता येतं. तिथे तुमची शिफारस तुमचं कामच करतं. मात्र आत शिरायची रीत आहे. ती कोणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी हे जग चालतं कसं ते समजून घ्या

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने यूझनेट या तेव्हाच्या चर्चाजाळ्यावर, मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या चर्चागटात लिहिलं, की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, तुम्हाला तिच्यात काय हवं ते सांगा. लोकांनी नुसतं सांगितलं नाही, कोड पाठवला. त्यातून लिनक्स उभं राहिलं. आज जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तेच आहे. हजारो माणसांचे बदल सांभाळायला टॉरव्हाल्ड्सनेच २००५मध्ये गिट हे साधन लिहिलं. त्यावर उभी राहिलेली, कोड ठेवायला आणि त्यावर मिळून काम करायला जागा देणारी गिटहब ही कंपनी २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घेतली. लिनक्सवर धंदा करणारी रेड हॅट २०१९मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला घेतली. फुकट वाटल्या जाणाऱ्या कोडभोवती एवढा पैसा का फिरतो? कारण किंमत नुसत्या कोडला नसते. तो समजणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि त्याची जबाबदारी घेणाऱ्या माणसांच्या जाळ्याला असते.

जवळचं उदाहरण हवं असेल तर मुंबईतल्या फ्रॅपेचं घ्या. ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा, उत्पादन सांभाळणारं त्यांचं सॉफ्टवेअर पूर्ण खुलं आहे. कोणीही उतरवून घ्यावं, बदलावं, आपल्या सर्व्हरवर चालवावं. त्यामुळे शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीला ते बसवून देणारी चार जणांची फर्म कोल्हापुरातच उभी राहू शकते, आणि लायसन्सचे पैसे तिला कोणाला द्यावे लागत नाहीत. जीएसटीसाठीचं इंडिया कंप्लायन्स हे ॲपही खुलंच आहे. अशा फर्मकडे गिऱ्हाईक येतं ते पुष्कळदा जाहिरात बघून येत नाही. त्याला अडचण आलेली असते, त्याने ती लिहिलेली असते, आणि या फर्ममधल्या कोणीतरी तिथे नेमकं उत्तर दिलेलं असतं.

प्रकल्प निवडताना

सगळ्यात मोठ्या नावाकडे धावू नका. लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) किंवा रिॲक्ट (वेबपानं बांधायची लायब्ररी) यांत पहिला बदल घालणं अशक्य नाही, पण तिथली गर्दी आणि शिस्त नवख्याला दमवते. जे सॉफ्टवेअर तुम्ही स्वतः वापरता, ज्याच्यावर कधी ना कधी वैतागला आहात, तिथून सुरुवात करा. वैताग हा चांगला वाटाड्या असतो, कारण काय चुकतंय ते तुम्हाला आतून माहीत असतं.

एक प्रकल्प डोळ्यासमोर आला की त्याचा रेपो, म्हणजे कोड ठेवलेली जागा, उघडून चार गोष्टी बघा. शेवटचा कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, कधीचा आहे? बाहेरच्या माणसांच्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्या, स्वीकारल्या जातात, की सगळे कमिट एकाच कंपनीच्या पगारी लोकांचे आहेत? नवख्याने विचारलेल्या प्रश्नाला मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, कोणत्या सुरात उत्तर देतो? आणि लायसन्स कोणतं आहे? एमआयटी लायसन्स असेल तर कोड कोणीही बंद, म्हणजे कोड न दाखवणाऱ्या, उत्पादनात वापरू शकतं. जीपीएल असेल तर बदललेलं सॉफ्टवेअर ज्याला द्याल त्याला सोर्सही त्याच अटीवर द्यावा लागतो. लायसन्सच नसेल तर त्या कोडला हात लावू नका, कारण तो दिसत असला तरी वापरायची परवानगी कोणी दिलेली नाही.

माझ्या मते यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जिथे नवख्याला झिडकारलं जातं तो प्रकल्प कितीही नावाजलेला असो, सोडून द्या.

आपल्या मशीनवर चालवा, आणि अडेल ते लिहून ठेवा

आता कोड उतरवा आणि तो तुमच्या लॅपटॉपवर चालेपर्यंत दुसरं काही करू नका. बहुतेक मुलं इथेच गळतात. डेटाबेसची आवृत्ती जुळत नाही, विंडोजवर एक पायरी वेगळी निघते, आठ जीबी रॅमवर डॉकर हे सॉफ्टवेअर चालवायचं साधन धापा टाकतं. हे होणारच. जिथे जिथे अडलात तिथे तिथे वहीत नोंद करा: सूचनेत काय लिहिलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, कशाने सुटलं.

ही नोंद म्हणजे तुमच्या पहिल्या योगदानाचा कच्चा माल. जुने मेंटेनर वर्षानुवर्षं त्याच मशीनवर काम करतात, त्यांना हे खड्डे दिसेनासे झालेले असतात. नव्याने बसवणाऱ्यालाच ते दिसतात, आणि तेही पहिल्या आठवड्यातच. डॉक्युमेंटेशनमधली चुकलेली पायरी दुरुस्त करणं हे कमी दर्जाचं काम आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाची संध्याकाळ त्याने वाचते.

याच काळात बंद झालेले इश्यू, म्हणजे लोकांनी कळवलेल्या चुका-अडचणींच्या नोंदी, वाचा आणि त्याहून जास्त, नाकारलेल्या पुल रिक्वेस्ट वाचा. काय का नाकारलं गेलं हे वाचल्यावर त्या प्रकल्पाची आवडनिवड जितकी कळते तितकी कुठल्याही ट्युटोरियलमधून कळत नाही.

चूक कळवायची कशी: एक उदाहरण सविस्तर

पहिला कोड लिहिण्याआधी एक चांगला इश्यू लिहायला शिका. मराठी माणसाला इथे एक हक्काचा फायदा आहे, कारण देवनागरीतल्या कित्येक चुका इंग्रजी वापरणाऱ्याला आयुष्यात दिसणार नाहीत.

वऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र, जो आपण रफार म्हणून न काढता चंद्रकोरीसारखा काढतो, तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक देणाऱ्या संगणकी पद्धतीत, दोन रीतींनी साठवला जातो. एका रीतीत खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलंत. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी आडनावं आहेत, आणि युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही, म्हणजे सारखी रूपं एक करायच्या प्रक्रियेनेही, ती एक होत नाहीत. ऑफिसात एकाने एका कीबोर्डवरून ग्राहकाचं नाव भरलं, दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं, की उत्तर येतं: असा ग्राहक नाही. मग त्याच माणसाचं दुसरं खातं उघडलं जातं आणि उधारी दोन ठिकाणी विभागली जाते. त्यातून काही सॉफ्टवेअर मजकूर स्वच्छ करताना न दिसणारी चिन्हं काढून टाकतात. तसं झालं की वऱ्हाडे यांचं नाव बिलावर ‘वर्हाडे’ असं रफार घेऊन छापलं जातं.

आता हे कळवायचं कसं? ‘मराठी सर्च नीट चालत नाही, कृपया लवकर दुरुस्त करा’ असं लिहिलंत तर ते कोणी उघडणारही नाही. त्याऐवजी असं लिहा. कोणती आवृत्ती, कोणता ब्राउझर. मग पायऱ्या: पहिल्या रीतीने लिहिलेलं नाव वापरून नवीन ग्राहक तयार करा, दुसऱ्या रीतीने लिहिलेलं नाव शोधपेटीत टाका. दोन्ही नावं कॉपी करता येतील अशी द्या आणि प्रत्येकातल्या चिन्हांचे युनिकोड क्रमांक सोबत लिहा. मग अपेक्षा: ग्राहक सापडायला हवा. प्रत्यक्षात: यादी रिकामी येते. शेवटी दोन ओळींत सांगा की हे का घडतंय आणि कोणत्या वापरणाऱ्यांना त्रास होतो. स्क्रीनशॉट जोडा, पण फक्त स्क्रीनशॉटवर भागवू नका. चित्रातला मजकूर कॉपी करता येत नाही.

असा इश्यू वाचणारा मेंटेनर बर्लिनमध्ये असो की बंगळुरूत, त्याला देवनागरीचं एक अक्षरही येत नसलं तरी तो ती चूक पाच मिनिटांत स्वतःच्या मशीनवर घडवून बघू शकतो. तुमचं इंग्रजी साधं असलं तरी काही बिघडत नाही. छोटी वाक्यं लिहा.

लाख-कोटीचे स्वल्पविराम चुकीच्या जागी पडणं, ‘ळ’ वर्णक्रमात भलतीकडे जाणं, पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटणं, या सगळ्या अशाच खाणी आहेत. शोधा, सापडतील.

पहिली पुल रिक्वेस्ट

पुष्कळ प्रकल्पांत नवख्यांसाठी सोपे इश्यू वेगळे काढून त्यांना ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी खूण केलेली असते. त्यातला एक घ्या किंवा तुम्हीच कळवलेला घ्या. कोणी त्यावर आधीच काम करतंय का ते बघा. मग नुसतं ‘असाइन मी’ (हे काम मला द्या) लिहून थांबू नका. तुम्ही काय बदलणार आहात आणि कोणत्या फाइलमध्ये, ते दोन ओळींत सांगा. तेवढ्याने तुमच्याबद्दलचं मत बदलतं.

एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल. जाता जाता शेजारच्या फाइलची मांडणी नीटनेटकी करायचा मोह होतो, तो आवरा, कारण मग तपासणाऱ्याला खरा बदल शोधत बसावं लागतं. टेस्ट, म्हणजे बदल नीट चालतो का ते तपासणारा छोटा कोड, लिहा. ती तुमच्या बदलाआधी नापास होते आणि बदलानंतर पास होते, हे स्वतः चालवून बघा.

मग रिव्ह्यू, म्हणजे मेंटेनरने तपासून दिलेले शेरे, येतो, आणि तो कोरडा असतो. ‘हे इथे नको’, ‘हे नाव बदला’, ‘याची गरज काय?’ आपल्याकडे कॉलेजात इतक्या सरळ भाषेत कोणी कामावर बोलत नाही, त्यामुळे पहिल्यांदा लागतं. लावून घेऊ नका. ती टीका ओळीवर असते, तुमच्यावर नसते. पटलं तर दुरुस्त करा, नाही पटलं तर कारण देऊन सांगा. नम्रपणे आणि मुद्देसूद हरकत घेणाऱ्या नवख्याची मेंटेनर आठवण ठेवतात. आठवडाभर कोणी बघितलंच नाही तर एकदा सौम्य आठवण करा. रोज नको. ही माणसं पुष्कळदा नोकरी करून रात्री हे बघत असतात.

वागणुकीबद्दल मोकळेपणाने

इथे जरा थांबून लिहितो, कारण आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या नावाला यात बट्टा लागला आहे. २०२०च्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमात टी-शर्ट मिळतो म्हणून हजारो निरर्थक पुल रिक्वेस्ट पडल्या; कोणाच्या रीडमी या प्रकल्पाची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये एक विशेषण वाढव, कुठे एक स्वल्पविराम. त्यात भारतातल्या मुलांचा वाटा मोठा होता. शेवटी आयोजकांना नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून तयार आहेत तिथलेच बदल धरायचे असं ठरवावं लागलं. २०२४मध्ये एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट प्रकल्पावर पुन्हा तेच झालं: शिकवणीच्या व्हिडिओत दाखवलं तसं रीडमीमध्ये स्वतःचं नाव घालणाऱ्या पुल रिक्वेस्टचा पूर आला. या मुलांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना सराव करायचा होता, आणि समोर खरी माणसं आहेत हे कोणी सांगितलंच नव्हतं. सराव स्वतःच्या रेपोमध्ये करा. तिथे शंभर चुका करा.

आता एआयची भर पडली आहे. इंटरनेटवरून डेटा आणणारं-पाठवणारं कर्ल हे साधन सांभाळणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग गेली काही वर्षं सांगताहेत, की यंत्राने रचलेले, दिसायला भरदार पण पोकळ सुरक्षा-अहवाल वाचण्यात त्यांच्या चमूचा वेळ जातो. हे इतकं वाढलं की त्यांनी त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षीस द्यायची योजनाच बंद केली. एआयची मदत घ्या, इंग्रजी सुधारायला तर अवश्य घ्या. पण जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही ती पाठवू नका. रिव्ह्यूमध्ये प्रश्न येणार आहे, आणि तेव्हा उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

बाकी बारीकसारीक. ‘सर’, ‘मॅडम’ लिहू नका; सगळे एकमेकांना नावाने किंवा हँडलने बोलावतात आणि त्यात अनादर नाही. खाजगी मेसेज करून मदत मागू नका. उघड विचारलंत तर उत्तर तुमच्यानंतरच्या दहा जणांनाही मिळतं. अपवाद एकच: सुरक्षेतली गंभीर त्रुटी सापडली तर ती कधीही जाहीर इश्यूत टाकायची नाही, प्रकल्पाने त्यासाठी दिलेल्या खाजगी मार्गानेच कळवायची.

कोड येत नसेल तर

फायरफॉक्सच्या मराठी भाषांतराचं काम पाँटून या मंचावर चालतं, लिबरऑफिसचं वेबलेटवर, विकिपीडियामागच्या मीडियाविकीचं ट्रान्सलेटविकीवर. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो आणि इतरांनी दिलेले तपासता येतात. त्यातून बोललेली मराठी ओळखणारी सॉफ्टवेअर शिकतात. विदर्भातली, कोकणातली, मराठवाड्यातली बोलण्याची ढब त्यात आली नाही, तर उद्याचं यंत्र पुण्याचीच मराठी समजेल. म्हणून हे काम मला फार मोलाचं वाटतं. मुंबईतल्या एक टाइपने मुक्त, बलू असे फाँट खुल्या लायसन्सखाली दिले आहेत. अक्षरांची जाण असणाऱ्याला तिथेही चुका दाखवायला वाव आहे.

टिकून राहणं आणि विश्वास

एक पुल रिक्वेस्ट स्वीकारली गेली म्हणजे ओळख झाली असं नाही. ओळख होते ती तुम्ही पुन्हा दिसलात की. दर आठवड्याला दोन-तीन तास एकाच प्रकल्पाला द्या, दहा प्रकल्पांना एकेक बदल देण्यापेक्षा ते कितीतरी बरं. काही महिन्यांनी नवख्यांच्या प्रश्नांना तुम्हीच उत्तरं द्यायला लागा, दुसऱ्यांचे इश्यू आपल्या मशीनवर घडवून बघा आणि ‘माझ्याकडेही होतंय’ किंवा ‘ताज्या आवृत्तीत होत नाही’ एवढं कळवा. हे काम करणारे हात नेहमीच कमी असतात.

या विश्वासाचं वजन केवढं असतं ते मार्च २०२४मध्ये दिसलं. एक्सझेड नावाचं फाइल आकसणारं साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं, आणि ते मुख्यतः एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. टोपण नावाच्या कोणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून त्याचा विश्वास मिळवला, इतर खात्यांनी त्या थकलेल्या मेंटेनरवर जबाबदारी वाटून द्यायचा दबाव आणला, आणि अधिकार हाती आल्यावर आत चोरदरवाजा बसवला गेला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला, त्याने माग काढला, आणि २९ मार्चला जगाला कळलं. म्हणून मेंटेनर तुम्हाला अधिकार द्यायला वेळ लावत असेल तर रागावू नका. आणि तुम्ही ज्यावर अवलंबून आहात तो प्रकल्प कोणी एकटा माणूस ओढत असेल, तर त्याला आभाराचे दोन शब्द तरी लिहा.

यातून पोट कसं भरायचं

रेझ्युमेमध्ये ‘ओपन सोर्स काँट्रिब्यूटर’ एवढं लिहून भागत नाही. स्वीकारल्या गेलेल्या बदलांपैकी तीन निवडा, प्रत्येकाची लिंक द्या आणि काय अडचण होती, तुम्ही काय केलं, ते एकेका वाक्यात लिहा. मुलाखतीत हमखास त्यावर बोलणं निघतं, आणि ते तुमच्या घरच्या मैदानावरचं बोलणं असतं.

गूगल समर ऑफ कोड हा मानधन घेऊन ओपन सोर्स प्रकल्पात काम करायचा कार्यक्रम २००५पासून चालू आहे. २०२२पासून त्याला विद्यार्थी असण्याचीही अट नाही, ओपन सोर्समध्ये नवखे असलात आणि अठरा वर्षं पूर्ण असली तर अर्ज करता येतो. सहभागी संस्थांची यादी जाहीर झाल्यावर धावपळ करणारे मागे पडतात, कारण निवडणारे लोक आधीपासून दिसणाऱ्या नावांना ओळखतात. आउटरीची ही तंत्रज्ञानात कमी संधी मिळालेल्यांसाठी असलेली सशुल्क इंटर्नशिप आहे, म्हणजे पैसे तुम्हाला मिळतात, आणि तिच्या अर्जाचा भागच मुळी खरं योगदान हा असतो. मुलींनी ती अवश्य बघावी. प्रकल्प मोठा झाला तर निधीच्या वाटाही आहेत: गिटहब स्पॉन्सर्स आहे, आणि झिरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४मध्ये फ्लॉस फंड सुरू केला, त्यातून जगभरच्या प्रकल्पांना वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत द्यायचं ठरवलं आहे.

नोकरीत असाल तर आधी नेमणूकपत्र काढून वाचा. तुम्ही लिहिलेला सगळा कोड कंपनीचा, असं कलम बहुतेक पत्रांत असतं, आणि कधी ते घरी रविवारी लिहिलेल्या कोडलाही लागू होतं. एचआरकडून ईमेलवर लेखी परवानगी घ्या. तोंडी होकाराला पुढे कोणी विचारत नाही.

प्रत्यक्ष भेटा

पडद्यावरची ओळख चहावर पक्की होते. फॉस युनायटेड ही संस्था पुणे, मुंबई अशा शहरांत खुल्या बैठका घेते आणि बंगळुरूत इंडियाफॉस ही वार्षिक परिषद भरवते. पायथॉनवाल्यांचे पुण्यातले मेळावेही बरेच जुने आहेत. नुसतं ऐकायला जाऊ नका. वर सांगितलेल्या देवनागरीच्या चुकीसारख्या एका गोष्टीवर दहा मिनिटं बोलायची तयारी करून जा.

तुमच्या शहरात असं काही नसेल तर सुरू करा. कॉलेजची एक लॅब शनिवारी दुपारी मागून घ्या, प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, सहा-सात जण पुरेत. भाषणं ठेवू नका. एकच प्रकल्प आधी ठरवा, त्याचा कोड पेनड्राइव्हवर आणून ठेवा, कारण लॅबचं इंटरनेट ऐनवेळी दगा देतं. पहिल्या दुपारी सगळ्यांच्या मशीनवर तो चालला आणि अडलेल्या पायऱ्यांची एक यादी झाली, तर बैठक चांगली झाली असं समजा. दुसऱ्या शनिवारी ती यादीच घेऊन बसा आणि प्रत्येकाने तिच्यातली एकेक पायरी दुरुस्त करायला घ्या.